एक इंचाचा पडदा

बॅण्डमास्तर साहेब निवृत्त होण्याआधी त्यांनी बसवलेले शाळेचे गीत नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायचे ठरले आणि आमची तुकडी शहरातल्या एका स्टुडिओत गेली. आमच्या मुख्य गायकाने मैदानावरच्या सवयीने आधी माइकवर टिचकी मारली, फुंकर घातली आणि मग माइकच्या टोकाशी तोंड नेऊन गायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आवाज दबका आला, दोन टेक वाया गेले. मग त्यांनी शांतपणे तो माइक आम्हाला समजावून दिला.

तो होता न्यूमन कंपनीचा यू ८७. ही कंपनी बर्लिनमध्ये १९२८ साली सुरू झाली आणि हा माइक तिने १९६७ मध्ये आणला. आज नवा मिळतो तो यू ८७ एआय, म्हणजे १९८६ पासूनची सुधारित आवृत्ती.

परेडच्या हातमाइकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. ते चुंबकाजवळ हलले की वीज निर्माण होते. असा माइक दणकट असतो, पडला तरी सहसा चालतो. यू ८७ चे काम वेगळे. त्यात बारावीच्या पुस्तकातले धारित्रच बसवलेले आहे! प्लॅस्टिकच्या अतिपातळ पडद्यावर सोन्याचा मुलामा आणि त्याच्या अगदी जवळ भोके असलेली धातूची चकती. आवाजाने पडदा थरथरला की दोघांतले अंतर बदलते, त्याबरोबर धारिता बदलते, आणि विद्युतभार तोच राहत असल्याने व्होल्टेज बदलते. पडद्याची जाडी सुमारे सहा मायक्रॉन. आपला केस त्याच्या साधारण दहापट जाड. अशा पडद्यावर आपण फुंकर मारली होती.

पडदा साधारण एक इंच रुंद असल्याने संकेत जोरकस मिळतो आणि माइकची स्वतःची खरखर कमी राहते. मात्र मोठा पडदा म्हणजे सगळ्याच बाबतींत सरस, असे नाही. बाजूने येणारा आवाज लहान पडद्याचे माइक अधिक सारखेपणाने टिपतात.

या माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो आवाजाच्याच केबलमधून येतो. ४८ हाच आकडा का? १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीला असे माइक हवे होते आणि त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला.

आत पडदे दोन आहेत, पाठीला पाठ लावून. पुढच्या बाजूचे बटण फिरवले की माइक फक्त समोरचे ऐकतो, चहूबाजूंचे ऐकतो किंवा समोरचे व मागचे ऐकून दोन्ही कुशींकडचे टाळतो. मागे आणखी दोन बटणे आहेत : एक मोठा आवाज दहा डेसिबलने उतरवणारे, दुसरे खालची घरघर छाटणारे. गायचे मात्र टोकाशी नाही, कंपनीची खूण असलेल्या बाजूसमोर, वीतभर अंतरावरून. समोरचेच ऐकण्याच्या स्थितीत फार जवळ गेले की खर्ज फुगतो.

हे कळल्यावर गायक खुणेसमोर उभा राहिला. कोरससाठी बटण चहूबाजूंवर आले आणि आम्ही माइकभोवती कडे केले. बिगुलवाल्याला पार मागच्या भिंतीशी पाठवले, तरी दहा डेसिबलचे बटण दाबावेच लागले.

मुद्रणाच्या सुरुवातीला बॅण्डमास्तर साहेबांचे हळू आवाजातले ‘एक, दो’ ऐकू येते. ध्वनिमुद्रक ते कापणार होते. आम्ही कापू दिले नाही.