तळ्याच्या हवाली केलेलं शिल्प

रेडिओवरून शिल्पाविषयी बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम. पण आज ज्या शिल्पाविषयी सांगणार आहे, ते मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला गेलेल्यांनाही कित्येक वर्षं दिसत नव्हतं. तेव्हा आपण ऐकणारे आणि ते पाहणारे, फारसा फरक नाही!

अमेरिकेच्या युटा राज्यात 'ग्रेट सॉल्ट लेक' नावाचा अफाट खारा तलाव आहे. त्याच्या उत्तरेकडच्या भागात, रोझेल पॉइंट या जागी, काळ्या दगडांचा एक बांध काठावरून थेट पाण्यात शिरतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं वळत वळत स्वतःभोवतीच वेटोळं घालतो. लांबी १,५०० फूट, रुंदी १५ फूट. नाव 'स्पायरल जेटी'. जेटी म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण या जेटीला होडी लागत नाही. चालत जायचं, मध्यापर्यंत पोचायचं आणि आल्या वाटेनं परतायचं. एवढंच.

हे रॉबर्ट स्मिथसन या कलावंताचं काम, साल १९७०. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले आणि युरोपातले काही तरुण कलावंत कलादालनांना कंटाळले होते. पांढऱ्या भिंती, किमतीची चिठ्ठी आणि घरी नेऊन दिवाणखान्यात ठेवणारं गिऱ्हाईक हे सगळं टाळता येईल का? मग जमीनच साहित्य आणि जमीनच दालन. याला पुढं 'लँड आर्ट' म्हणू लागले. आपण भूमिकला म्हणू. मायकेल हायझर यानं १९६९ मध्ये नेवाडातल्या एका पठाराच्या कडेला समोरासमोर दोन प्रचंड चर खणले. त्यासाठी २,४०,००० टन दगडमाती हलवली. खरं सांगायचं तर अशा कामांपाशी माझं मन थोडं कचरतं. डोंगर फोडायचा तर रस्त्यासाठी आणि खाणीसाठी फोडणारे पुष्कळ आहेत. कलावंतानंही त्याच यंत्रांनी तेच करावं का, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता.

सगळेच यंत्रं घेऊन निघाले नव्हते, हेही सांगायला हवं. इंग्लंडच्या रिचर्ड लाँग यानं १९६७ मध्ये, विद्यार्थी असताना, एका गवताळ रानात एकाच रेषेत इतक्या वेळा येरझाऱ्या घातल्या की गवत दबून पायवाट उमटली. तिचं छायाचित्र काढलं आणि तो निघून गेला. गवत पुन्हा उभं राहिलं असणारच. याच लाँगचं आणि आपल्या डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं संयुक्त प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरलं होतं. एकाचा हात नदीच्या चिखलात, दुसऱ्याचा तांदळाच्या पिठात.

आता पुन्हा जेटीकडे येऊ. स्मिथसननं निवडलेली जागा निसर्गरम्य वगैरे नव्हती. जवळच तेल काढण्याच्या फसलेल्या प्रयत्नांची यंत्रं गंजत पडली होती. त्याला ओढ लागली ती पाण्याच्या रंगाची. पाणी होतं लालसर गुलाबी! त्याचं कारण माणसानंच घडवलेलं. १९५९ मध्ये तलावातून आडवा रेल्वेचा भराव टाकला गेला. गोड्या पाण्याच्या मोठ्या नद्या दक्षिणेकडे मिळतात, त्यामुळे उत्तरेचा भाग तुटला आणि तिथलं पाणी समुद्राच्या पाण्याच्या सात-आठ पट खारट झालं. एवढ्या मिठात मासे जगत नाहीत. जगतात ते मीठप्रिय सूक्ष्मजीव आणि शेवाळ, आणि त्यांच्यामुळे पाण्याला हा रंग येतो. आपल्याला याचं नवल वाटायला नको. जून २०२० मध्ये बुलडाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं, ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी केली तेव्हा तिथंही असेच मीठप्रिय सूक्ष्मजीव सापडले. दगडही ओळखीचा आहे. लोणारचं विवर ज्या बसाल्टमध्ये आहे, आपल्या सह्याद्रीचा जो काळा पाषाण आहे, तोच बसाल्ट तिकडे जेटीला वापरलेला आहे.

जागा सरकारी. वर्षाला १०० डॉलर भाडं, २० वर्षांचा करार. खर्चाला मदत न्यूयॉर्कच्या कलादालनाच्या मालकीणबाई व्हर्जिनिया ड्वान यांची. म्हणजे दालनांवर रुसून निघालेल्या कलावंताला पैसे दालनानंच दिले, ही यातली गंमत. एप्रिलमध्ये डंपर, लोडर लावून सहा हजार टनांहून अधिक दगडमाती पाण्यात लोटण्यात आली. आधी तयार झाला तो साधा वळलेला बांध, टोकाशी एक गोल. ठेकेदार माणसं-यंत्रं घेऊन घरी गेला. स्मिथसन त्या आकाराकडे बघत राहिला आणि त्यानं ठेकेदाराला परत बोलावलं : दगड उचला, पुन्हा रचा. एरवी धरणा-रस्त्यांची कामं करणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय आलं असेल, कल्पना करा! पण आज जगभर ओळखलं जातं ते वेटोळं या दुसऱ्या खेपेचं. सगळं काम काही दिवसांचंच.

तलावाची पातळी तेव्हा खाली होती. दोनच वर्षांत पाणी चढलं आणि जेटी बुडाली. जुलै १९७३ मध्ये टेक्सासमध्ये पुढच्या एका कामाची जागा विमानातून पाहताना अपघात झाला आणि स्मिथसन गेला. वय अवघं ३५. त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षं जेटी बहुतेक काळ पाण्याखालीच होती. लोक तिला ओळखत होते ते छायाचित्रांवरून आणि स्मिथसननं स्वतः काढलेल्या फिल्मवरून. २००२ मध्ये दुष्काळानं पाणी उतरलं आणि ती वर आली, पण काळी नव्हे, मिठाचे थर चढून पांढरीशुभ्र!

इथून खरा पेच सुरू होतो. १९९९ मध्ये जेटी 'डिया' या कलासंस्थेकडे देण्यात आली होती. आता तिची जपणूक करायची म्हणजे काय करायचं? दगड घालून उंची वाढवावी, म्हणजे ती पुन्हा बुडणार नाही, असा विचार पुढं आला. त्यावर बरीच चर्चा झाली. स्मिथसनला तर झिजण्याचं, विस्कटण्याचं, एन्ट्रॉपीचंच वेड होतं. त्यावर त्यानं लेखही लिहिले. तुम्ही म्हणाल, मग आपल्या रांगोळीसारखंच की हे, पुसली जाणारच. पण नाही. रांगोळी पुसली जाते, कारण उद्या सकाळी काढणारा हात घरात असतो. इथं तो हात राहिलेला नाही. दुसऱ्यानं घातलेले दगड कितीही जुळले तरी ते दुसऱ्याचेच. तेव्हा डियानं धरलेला रस्ता मला पटतो : फुग्याला कॅमेरा बांधून वरून छायाचित्रं घ्यायची, काय बदलतंय त्याची नोंद ठेवायची आणि दगडांना हात लावायचा नाही.

मात्र आताचा बदल वेगळ्या जातीचा आहे. १९७२ मध्ये पाणी चढलं ते पावसा-बर्फाच्या हिशेबानं. गेल्या काही दशकांत ते उतरतंय, त्यात दुष्काळ आणि वाढतं तापमान आहेच. पण तलावाला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी शेती, शहरं आणि कारखाने वाटेतच उचलतात, हे मोठं कारण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तलावानं १८४७ पासूनच्या नोंदीतली सर्वांत खालची पातळी गाठली. पुढच्या हिवाळ्यात विक्रमी बर्फ पडलं, पातळी काही फुटांनी चढली. पण तूट भरली नाही. उघड्या पडलेल्या तळाची धूळ उडते आणि तिच्यात आर्सेनिक आहे. तलावातल्या बारीक कोळंबीवर आणि माश्यांवर लाखो स्थलांतरित पक्षी जगतात, त्यांचंही पोट यात अडकलेलं आहे. स्मिथसननं आपलं शिल्प तळ्याच्या हवाली केलं होतं. तळंच माघारी निघालं तर झीज कोण करणार आणि बुडवणार कोण? संरक्षण द्यायचंच तर दगडांना नव्हे, पाण्याला द्यायला हवं, आणि तो प्रश्न कलासंस्थेच्या हातातला नाही. तो शेताला पाणी देणाऱ्या पाटांचा आणि शहरांच्या नळांचा आहे.

कागदोपत्री मान मात्र वाढत चालला आहे. २०१७ मध्ये युटानं जेटीला राज्याचं अधिकृत कलाकाम म्हणून जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली. आता पाणी तिच्यापासून पुष्कळ लांब असतं. लोक कोरड्या वाळूतून वेटोळं चालून मध्याशी पोचतात, क्षणभर थांबतात आणि परत न फिरता मिठावरून तसेच पुढं सरळ पाणी शोधत जातात. वाटेतला शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा आहे. डियाच्या सूचना मोजक्या : दगड हलवू नका, कचरा परत न्या. आणि पिण्याचं पाणी आपलं आपण बरोबर घ्या. तिथं ते मिळत नाही.