इस्लामपूरचा अख्खा मसूर

पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाका आला की इस्लामपूरला फाटा फुटतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ओढीने कोल्हापूरकडे निघालेली मंडळी सहसा तिकडे वळत नाहीत. मटण खाणाऱ्यांच्या या मुलखात एका शाकाहारी पदार्थाने गावाचं नाव गाजवलंय, हे त्यांच्या गावीही नसतं.

इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचं मुख्य ठिकाण. 2025 मध्ये राज्य सरकारने ईश्वरपूर या नावाची घोषणा केली, पण खवय्यांच्या तोंडी मसूर अजून इस्लामपूरचाच आहे. भोवती कृष्णाकाठची काळी जमीन, उसाचे फड, हळद, साखर कारखाना. मसुराचं शेत मात्र शोधूनही सापडायचं नाही. मसूर पिकतो मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बंगालच्या थंडीत, आणि देशाला कमी पडला की कॅनडा-ऑस्ट्रेलियातून बोटीने येतो. इतक्या लांबून आलेलं धान्य गावाने आपलं केलं ते चटणीच्या जोरावर.

इकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, वर्षाची बेगमी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची आणि डबा घेऊन डंकावर रांग लावायची. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी. सोबत सुकं खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला, परतलेला कांदा आणि लसूण. प्रत्येक घराची चव वेगळी, आणि शेजारणीची आपल्याहून कमीच, असा ठाम समज.

ढाब्यावर बसलात की समोर येतो तो गडद तपकिरी मसूर. वर लाल कट, कोथिंबीर, बाजूला कांदा-लिंबू आणि भट्टीतून नुकतीच निघालेली रोटी. एक दाणा बोटांत धरून दाबून पाहा. साल शाबूत आणि आतला गर लोण्यासारखा मऊ असेल, तर आचारी जाणता. मसूर शिजायला वेळ लागत नाही, त्यामुळे बिघडायलाही लागत नाही. जरा दुर्लक्ष झालं की त्याचं वरण होतं. टोमॅटोची घाई केली तर आंबटपणामुळे दाणा टणक राहतो. म्हणून मसूर आधी वेगळा उकडायचा. कांदा तेलात चांगला तांबूस करायचा, आलं-लसूण, टोमॅटो, तेल सुटलं की चटणी, आणि मग मसूर त्याच्या पाण्यासकट. ते पाणी ओतून देणाऱ्याने ढाबा काढू नये. रश्श्याला अंगचा दाटपणा त्यातूनच येतो. काजूची पेस्ट आणि साय घालून तो आणायचा म्हणजे शुद्ध फसवणूक.

परमुलखाचं धान्य घेऊन आपली चव घडवणारे आपण एकटेच नव्हे. बल्गेरियातल्या मेहाना नावाच्या पारंपरिक खानावळीत परदेशी पाहुण्याला हमखास ‘बॉब चोरबा’ खायचा आग्रह होतो. हे घेवड्याच्या दाण्यांचं, पुदिन्याच्या वासाचं सूप, बऱ्याचदा मातीच्या भांड्यात वाढलेलं. तो घेवडा मूळचा अमेरिकेतला. तिथलं प्रसिद्ध शॉप्स्का सॅलड टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आणि वर किसलेलं पांढरं चीज असं असतं. ते तर विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी पर्यटन खात्याच्या हॉटेलांतून रुजलं. आपल्या चटणीतली मिरचीसुद्धा पोर्तुगिजांबरोबर आली. परंपरा किती जुनी, हा वाद भरल्या पोटी घालावा.

परगावच्या माणसाची फसगत होते ती मेनूकार्डामुळे. पनीरचे वीस प्रकार, मंचुरियन, काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं. तिकडे बघूच नका. वेटरने “पाव्हणं, तिखट चालंल न्हवं?” असं विचारलं तर फुशारकी न मारता खरं ते सांगा. सोबत ताक किंवा दही घ्या. मसूर आधी अर्धा मागवा, लिंबू पिळा, आणि रोट्या एकदम न मागवता एकेक सांगत जा. भट्टीची रोटी गार झाली की वातड होते.