विश्लेषण : चिखलदऱ्याच्या थंडीत जुन्या गाडीला गिअर ऑइल कोणते?

डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्यात रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. सकाळी जुनी जीप, सुमो किंवा मारुती ८०० सुरू होते, पण पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना दांडा अडतो किंवा कर्रकन आवाज येतो. पाच-सात किलोमीटर गेल्यावर सगळे सुरळीत होते. मैदानी गावात ही नुसती कटकट असते. सुमारे १,११८ मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात मात्र परतवाड्याकडे निघाले की घाट लागतो आणि तीसेक किलोमीटरमध्ये सातशे मीटरच्या आसपास खाली उतरायचे असते. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवावी लागते. ऐन वळणाआधी दुसरा पडलाच नाही, तर सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात उतारावर इंजिनाला जोर लागत नसल्याने गिअरबॉक्स तापायलाही वेळ लागतो.

थंडीत गिअर अडतो का?

गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एका वेगाला आणावे लागतात. हे काम सिंक्रोनायझरची कडी करते. जुन्या गाड्यांत ती बहुधा पितळेची असते. ही कडी गिअरच्या निमुळत्या भागावर घासते आणि मधला तेलाचा पापुद्रा पिळून निघाला की पकड घेते. थंडीने तेल घट्ट झाले असेल, तर पापुद्रा लवकर निघत नाही. शिवाय तेच घट्ट तेल आतल्या दांड्यांना ओढून धरते. नव्या कडीवरच्या बारीक खाचा तेल कापून काढतात. दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीत त्या गुळगुळीत झालेल्या असतात, म्हणून थंडी आधी जुन्या गाडीला जाणवते.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

‘८०डब्ल्यू-९०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा आकडा तेल १०० अंशांना तापल्यावरच्या जाडीचा. थंडीची मर्यादा ७५डब्ल्यूसाठी उणे ४०, ८०डब्ल्यूसाठी उणे २६ आणि ८५डब्ल्यूसाठी उणे १२ अंशांना मोजतात. एवढी थंडी चिखलदऱ्यात पडत नाही. म्हणजे केवळ पहिल्या आकड्यासाठी महाग डबा घ्यायची गरज नाही.

खरी गोम दुसऱ्या आकड्यात आहे. गिअरबॉक्स आवाज करू लागला की ‘जाड तेल टाका’ हा सल्ला हमखास मिळतो आणि ८५डब्ल्यू-१४० ओतले जाते. ४० अंशांना हे तेल ८०डब्ल्यू-९० च्या साधारण दुपटीहून अधिक घट्ट असते आणि पारा उतरेल तसा फरक वाढत जातो. आवाज दबतो हे खरे, पण झीज तशीच राहते आणि सकाळचा दुसरा गिअर आणखी जड होतो. हीच गाडी मे महिन्यात अकोल्यात ४५ अंशांत धावणार, मग जाड तेल नको का, असे विचारले जाते. कंपनीच्या पुस्तिकेत १४० लिहिले नसेल, तर नको. ९० ग्रेड वऱ्हाडच्या उन्हाळ्यालाही पुरते.

सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० तापल्यावर तितकेच जाड राहते आणि थंडीत अधिक मोकळे वाहते. गिअरबॉक्स एरवी ठीक असेल आणि तक्रार फक्त सकाळची असेल, तर जास्तीचा पैसा सार्थकी लागतो. मात्र जुने, कडक झालेले ऑइल सील पाझरू शकतात, म्हणून पहिले काही दिवस गाडीखाली डाग दिसतो का ते पाहावे.

एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या आकड्यांची पट्टी वेगळी आहे. गिअर ऑइलचे ९० आणि इंजिन ऑइलचे ४० जाडीला जवळपास सारखे असतात. जुन्या होंडा गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तर कंपनीच इंजिन ऑइल घालायला सांगे. त्यामुळे शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

जीएल-४ की जीएल-५?

जाडीपेक्षा ही चूक महाग पडते. जीप, सुमो, बोलेरो, जिप्सी अशा गाड्यांत मागचे हौसिंग वेगळे असते. तिथल्या क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून त्यांना गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असलेले जीएल-५ लागते. गिअरबॉक्सच्या पितळी कड्यांना मात्र ते बाधू शकते. ते इतके निसरडे असते की कडीची पकड सुटते, आणि काही प्रकारांतले गंधक तापल्यावर पितळ खाते. गॅरेजमध्ये एकच डबा उघडून दोन्हीकडे ओतला जातो, तिथे मालकाने उभे राहून विचारलेले बरे. पुस्तिकेत जीएल-४ असेल, तर गिअरबॉक्सला जीएल-४ च. डब्याच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, की पुढच्या वेळी वाद राहत नाही.

बदलताना आणि चालवताना

तेल गाडी थोडी चालवून, कोमट असताना काढावे. आधी भरायचा वरचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे, मगच खालचा उघडावा. खालून तेल गेले आणि वरचा गंजून बसला, तर गाडी जागेवरच अडकते. सपाट जागेवर वरच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत तेल आले की भरले. काढलेले तेल दुधाळ असेल, तर पावसाळ्यात पाणी शिरले आहे. चुंबकावर राखाडी लगदा चालतो, धातूचे तुकडे चालत नाहीत.

सकाळी इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून दोन-तीन मिनिटे ठेवावे, आतले तेल घुसळले जाते. उतारावर दुसरा टाकताना अडला तर जोर लावू नये. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. अर्थात हे वळणात नव्हे, वळणाच्या बरेच आधी.

गाडी पूर्ण तापल्यावरही रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजत असेल, तर डबा बदलून उपयोग नाही. तिथे आधी क्लच पूर्ण सुटतो का ते तपासायला हवे.