सशाची सर्दी : घरातले औषध देण्याआधी हे वाचा

शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकून थेट पिंजऱ्याजवळ जाते आणि तिथूनच ओरडते, ‘‘आई, बनीला सर्दी झालीये. सारखा शिंकतोय.’’ आई येऊन पाहते. नाक ओले आहे, डोळ्याच्या कोपऱ्यात चिकटसर पाणी आहे, बाकी ससा ठीक दिसतो. फ्रिजमध्ये मुलीच्या मागच्या महिन्यातल्या खोकल्याचे गुलाबी अँटीबायोटिक सिरप उरलेले असते. ‘मुलांना चालते, तर या एवढ्याशा जिवाला दोन थेंबांनी काय होणार?’ असा विचार मनात येतो.

नेमके इथेच थांबायला हवे. अशा सिरपमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅमॉक्सिसिलिन असते आणि ते तोंडावाटे पोटात गेले तर सशाच्या जिवावर बेतू शकते. सर्दीने जो ससा कदाचित गेला नसता, तो औषधाने जाऊ शकतो.

ही साधी सर्दी नसते

माणसाची सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप बरी होते. सशाच्या बाबतीत मात्र नाक वाहण्यामागे अनेकदा जिवाणू असतात. त्यात पाश्चुरेला मल्टोसिडा हा सर्वांत परिचित. बोर्डेटेला, स्टॅफिलोकोकस आणि स्यूडोमोनास हेही आढळतात. कितीतरी सशांच्या नाकात पाश्चुरेला आधीपासून मुक्काम करून असतो आणि काही त्रास देत नाही. नवे घर, प्रवास, उकाडा, अस्वच्छ पिंजरा किंवा अपुरा आहार यामुळे सशाची प्रतिकारशक्ती घटली, की तो डोके वर काढतो.

ससा मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. त्यामुळे आपल्याला क्षुल्लक वाटणारे चोंदलेले नाक त्याच्यासाठी मोठे संकट असते. संसर्ग नाकातून डोळ्यांकडे, कानात किंवा फुफ्फुसात उतरू शकतो. कानाच्या आतल्या भागात पोहोचला तर ससा मान एका बाजूला कलती करून चालू लागतो.

ही लक्षणे ओळखा

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. आजार लपवणे त्याच्या स्वभावातच असते, म्हणून रोज थोडे बारकाईने पाहावे लागते.

* पुढच्या पंजांची आतली बाजू पाहा. ससा वाहते नाक पंजाने पुसतो. तिथले केस चिकटलेले, गुठळ्या झालेले दिसले तर शिंक ऐकली नसली तरी नाक वाहते आहे असे समजा.
* नाकातून येणारा स्राव पाण्यासारखा आहे की पांढरा-पिवळा घट्ट, हे लक्षात ठेवा. डॉक्टर ते विचारतात.
* श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, ते ऐका.
* खाणे कमी झाले का, लेंड्या नेहमीपेक्षा लहान किंवा कमी झाल्या का, हे पाहा.

ससा तोंड उघडून किंवा मान वर ताणून श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा १०-१२ तास त्याने काहीच खाल्ले नसेल, तर उद्याची वाट पाहू नका. त्याला उगाच उचलून धरू नका. हवेशीर टोपलीत ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्या.

काही औषधे विष का ठरतात?

सशाच्या पोटात आंधळ्या आतड्याची मोठी पिशवी असते. तिथे कोट्यवधी उपयुक्त जिवाणू गवत आंबवून त्याचे पोषण तयार करतात. त्यांच्या जिवावरच ससा जगतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन अशी औषधे तोंडावाटे दिली तर हे उपयुक्त जिवाणू मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लोस्ट्रिडियमसारखे घातक जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष अंगात भिनते. ससा खाणे सोडतो, त्याला पातळ जुलाब होतात आणि काही दिवसांत तो दगावू शकतो. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे चुकीचे औषध पोटातून बाहेर काढण्याचा सोपा मार्गही नसतो.

गंमत अशी, की पेनिसिलिन गोटातलेच काही औषध अनुभवी डॉक्टर सशाला इंजेक्शनने देतात, कारण त्या मार्गाने आतड्यांना होणारा धोका बराच कमी असतो. म्हणजे औषधाच्या नावाइतकेच ते कसे दिले जाते हेही महत्त्वाचे. तेव्हा ‘शेजारच्यांच्या सशाला हेच दिले होते’ यावर विसंबू नका.

डॉक्टर काय करतात?

एन्रोफ्लॉक्सासिन आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही सशांसाठी नेहमी वापरली जाणारी तुलनेने सुरक्षित औषधे. गरजेनुसार इतरही दिली जातात. निवड करण्यापूर्वी नाकाच्या आतून स्वॅब घेऊन कल्चर तपासणी करता आली तर उत्तम, कारण कोणत्या जिवाणूवर कोणते औषध चालेल हे त्यातून कळते. आजार पुन्हा पुन्हा होत असेल तर ही तपासणी टाळू नका.

डॉक्टर दातही तपासतील. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि वरच्या दातांची मुळे नाक व अश्रूनलिकेच्या अगदी जवळ असतात. तिथे बिघाड असेल तर नुसत्या अँटीबायोटिकने डोळा-नाक वाहणे थांबत नाही. कधी नाकात गवताची काडी अडकलेली असते, तर कधी नुसत्या धुळीनेही शिंका येतात.

कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकच डॉक्टरांना सशांचा अनुभव असतो असे नाही. फोनवर आधी विचारा, ‘‘तुम्ही ससे तपासता का?’’ जवळपास कोणी नसेल तर तुमच्या राज्यातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. सर्दीसाठी कोणी स्टेरॉइड सुचवले तर त्याची गरज पुन्हा विचारा. सशाची प्रतिकारशक्ती त्याने पटकन खालावते.

घरी औषध देताना

* डोस सशाच्या वजनावर ठरतो. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बिनसुईची सिरिंज वापरा.
* सशाला टॉवेलमध्ये गुंडाळा, पण उताणे करू नका. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून, बाजूने, थोडे थोडे औषध सोडा. घाई केली तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकते.
* नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा. आपला सर्दीचा बाम लावू नका, तो चाटला जातो. आंघोळही घालू नका.
* नाक चोंदले की वास येत नाही आणि ससा खात नाही. कोथिंबीर, पुदिना यांसारखा ताजा, वासाचा पाला समोर ठेवा. तरीही खात नसेल तर डॉक्टरांना विचारून भिजवलेल्या पेलेट्सची पेज सिरिंजने भरवा.
* अँटीबायोटिकसोबत दही देण्याची आपली घरगुती सवय इथे नको. मोठ्या सशाचे पोट दुधाच्या पदार्थांसाठी नसते.
* जुलाब सुरू झाले किंवा खाणे बंद झाले तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

शिंका थांबल्या म्हणून औषध थांबवू नका

सशांमध्ये उपचार बहुधा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त चालतो. चौथ्या-पाचव्या दिवशी नाक कोरडे दिसते आणि आपल्याला वाटते, झाले. अर्धवट सोडलेल्या उपचारातून वाचलेले जिवाणू मग त्या औषधाला दाद देत नाहीत. आपल्याकडे अँटीबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेष छापलेली असते. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ असा तिचा अर्थ आहे. तो माणसांइतकाच सशालाही लागू आहे.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगायला हवी. जुना संसर्ग काही सशांमध्ये पूर्ण जात नाही. अधूनमधून शिंका येतात. ससा नीट खात-खेळत असेल तर आजार आटोक्यात ठेवणे हेही यशच आहे.

हवा बदला, मगच औषध काम करेल

पिंजऱ्यातल्या लघवीपासून अमोनिया तयार होतो आणि सशाच्या नाकाचे अस्तर जाळतो. तुम्हाला उभ्याने वास येत असेल तर जमिनीलगत बसलेल्या सशाला तो कितीतरी जास्त जाणवतो. ओला भाग रोज काढा. पांढऱ्या व्हिनेगरने लघवीचे डाग निघतात. नंतर पाण्याने धुऊन पिंजरा कोरडा करा. लाकडाच्या भुशाऐवजी कागदाचे अंथरूण वापरा. गवत धुळकट नको आणि पावसाळ्यात त्याला बुरशी तर आली नाही ना, हे पाहा.

पिंजरा फोडणीचा धूर येतो तिथे ठेवू नका. अगरबत्ती, मच्छर कॉइल, फिनाइल, रूम फ्रेशनर आणि दिवाळीच्या फटाक्यांचा धूर यांपासून ससा लांब असू द्या. घरात दोन ससे असतील तर आजाऱ्याची भांडी वेगळी करा आणि एकत्र ठेवायचे की नाही हे डॉक्टरांना विचारा. सशाला हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावा.

आणि फ्रिजमधले ते उरलेले सिरप? ते आजच काढून टाका. मुलीला कॅलेंडर द्या, औषधाच्या प्रत्येक डोसची खूण तिला करू द्या. शेवटच्या खुणेपर्यंत बनीची काळजी घेतली, की जीव लावणे म्हणजे काय हे तिला वेगळे शिकवावे लागणार नाही.