‘कातकरी’ किती प्रकारे लिहितात?

तायांनो, मागच्या बैठकीत ग्रामसंघाने साधाच प्रश्न विचारला, “आपल्या गटांत कातकरी ताया किती?” मी लॅपटॉपवर शोधून आकडा सांगितला. मागून एक ताई म्हणाली, “मॅडम, एवढ्या तर आमच्या एका वाडीतच आहेत!”

चूक माझीच. सभासद यादी करताना ‘जमात’ हा रकाना मी मोकळा ठेवला होता. कुणी ‘कातकरी’ भरलं, कुणी ‘कातकरि’, कुणी ‘काथोडी’, कुणी नुसतं ‘आदिवासी’. आपल्याला वाचून कळतं. संगणकाला मात्र वेलांटी बदलली की जमातच वेगळी.

यात नुकसान कुणाचं? आपल्याकडचे ठाकर, महादेव कोळी, कातकरी तिघंही अनुसूचित जमातीत आहेत. पण त्यांतल्या विशेष असुरक्षित जमाती महाराष्ट्रात तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घर, रस्ता, पाणी यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं पीएम-जनमन त्यांच्यासाठीच आहे. आपली यादीच अपुरी असेल तर पाठपुरावा कुणाकुणासाठी करायचा?

आता मी जमातींचा वेगळा छोटा तक्ता केलाय. १ कातकरी, २ ठाकर, ३ महादेव कोळी, असे क्रमांक. सभासदांच्या तक्त्यात फक्त क्रमांक जातो आणि यादीत नसलेला क्रमांक संगणक घेतच नाही. या जोडणीला ‘फॉरेन की’ म्हणतात (नाव परदेशी, काम आपल्या घरचं). सरकारी यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत, म्हणून दोन्हींना क्रमांक १. माहिती नसेल तर ‘विचारायचं आहे’ असा वेगळा क्रमांक ठेवलाय, अंदाजाने भरायचं नाही.

यादी रकान्याच्या नियमातच बसवूनही टाकता येते. ‘कर्ज चालू’, ‘कर्ज फिटलं’ अशा न बदलणाऱ्या शब्दांना ते चालतं. कर्जाच्या कारणाला नाही चालत, कारण ती यादी वाढत जाते. शेळी, भाताचं बियाणं, दवाखाना एवढं होतं. पण वीटभट्टीची उचल फेडायला घेतलेलं कर्ज ‘इतर’मध्ये जात होतं, म्हणजे कुणाला दिसतच नव्हतं. आता त्याला स्वतःचा क्रमांक आहे. ‘इतर’ फुगलं की मी घाबरते. आणि एखादं कारण पुढे लागलं नाही तरी ते खोडायचं नाही, ‘बंद’ अशी खूण करायची. जुनी कर्जं त्यालाच जोडलेली असतात.

पुढच्या बैठकीला तुमच्या गटाची छापील यादी आणते. आपल्या नावापुढचा क्रमांक बघा, आणि चुकला असेल तर तिथेच सांगा.