जुनी बस घेऊन डोंगरांतल्या गांवीं

बेल्ह्याच्या बैलबाजारांत जनावर घेणारा शेतकरी प्रथम त्याचे दांत पाहतो, मग खुरांवरून हात फिरवितो, आणि शेवटीं त्याला दहा पावलें चालवून दाखवावयास सांगतो. शिंगांचा रंग आणि पाठीवरची झूल यांकडे तो ढुंकूनहि पाहत नाहीं. जुनी मोटार-बस घ्यावयास निघालेला शहरांतला शिकलासवरला माणूस मात्र नेमका उलट वागतो. नवा रंग, नव्या गाद्या आणि चालकापुढें टांगलेली फुलांची माळ पाहून त्याचा निम्मा सौदा मनांतल्या मनांत पुरा होतो. उरलेला निम्मा, यंत्र सुरू होतांच गुरगुरलें कीं पुरा होतो. बसच्या पोटाखालीं शिरून पाहण्याचें त्याला सुचत नाहीं, आणि सुचलें तरी कपडे खराब होतील म्हणून तो तें टाळतो.

सपाट डांबरी रस्त्यावर हा आळस कदाचित् खपून जातो. जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिम अंगास तो खपत नाहीं. कुकडी, मीना आणि घोड या नद्या जेथें उगम पावतात, त्या सह्याद्रीच्या माथ्यावर महादेव कोळ्यांचीं गांवें विखुरलेलीं आहेत. भात आणि हिरडा हे तेथील उत्पन्न. दवाखाना, कचेरी आणि बाजार मात्र घोडेगांवला किंवा जुन्नरला. मधला दुवा म्हणजे एस. टी. ची गाडी. १९२१ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत, एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपामुळें हा दुवा तुटला, तेव्हां एखाद्या शाळेनें किंवा संस्थेनें स्वतःची बस बाळगावी हा विचार पुष्कळांच्या मनांत येणें स्वाभाविक होतें.

गाडी म्हणजे केवळ वाहतूक नव्हे, हें या भागास दुसऱ्या एका प्रसंगानें फार कठोरपणें शिकविलें आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण या गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. गांव दिसेनासें झालें आहे, हें प्रथम ज्याच्या ध्यानांत आलें तो नेहमींची फेरी घेऊन आलेला एस. टी. चा चालक होता. त्या दिवशीं गाडी वाटेंतच बंद पडली असती, तर बाहेरच्या जगास वार्ता आणखी किती उशिरां मिळाली असती, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

तेव्हां अशा गांवासाठीं जुनी बस घ्यावयाची तर ती कोणती? हा प्रश्न नवा नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या शिलकी मोटारी मोठ्या प्रमाणावर विक्रीस निघाल्या. त्यांत कॅनडांत घडविलेल्या फोर्ड व शेव्हरोले लॉऱ्या होत्या, जीप होत्या. आणि त्यांतील पुष्कळांचीं चारहि चाकें यंत्राच्या जोरानें फिरत. अशा लॉऱ्यांच्या सांगाड्यावर लांकडी पेटी चढवून त्यांना प्रवासी गाडीचें रूप देणारे सुतार-लोहार तेव्हां कमी नव्हते. पुढें १ जून १९४८ रोजीं सरकारी एस. टी. ची पहिली गाडी पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली आणि खाजगी मोटारवाल्यांचें तें युग हळूहळू मावळलें. परंतु युक्ति तीच राहिली: मजबूत मालमोटारीचा सांगाडा, चारहि चाकांस जोर, आणि वर प्रवाशांची पेटी. आजच्या बाजारांत अशी गाडी बहुधा टाटांच्या ४०७ या हलक्या मालमोटारीच्या सांगाड्यावर उभारलेली आढळते. ४०७ ची गाडी १९८६ सालीं आली. तिचा एक प्रकार चारहि चाकांना जोर देणारा आहे, त्यास मिस्त्री लोक ‘फोर बाय फोर’ म्हणतात. जबलपूरला बनलेली लष्करी शक्तिमान मोटारहि क्वचित् लिलांवांत दिसते. परंतु तिचें उत्पादन थांबून बरींच वर्षें लोटलीं असल्यानें सुट्या भागांसाठीं भंगारवाल्यांचे उंबरे झिजवावे लागतात. हौशी माणसानें ती खुशाल घ्यावी, शाळेनें घेऊं नये.

येथें एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे, कारण ती न कळल्यानें पैसे बुडतात. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि सरकारी महामंडळांच्या मालकीच्या, पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाहीं. लिलांवांत स्वस्त मिळालेली सरकारी बस चालती असली, तरी कायद्याच्या दृष्टीनें ती लोखंडाची रास असूं शकते. म्हणून सांगाड्यावर कोरलेला आंकडा नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा, कर्जाची नोंद उतरली आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि योग्यतेचा दाखला मागावा. आठ वर्षांवरील प्रवासी वाहनास तो दर वर्षीं घ्यावा लागतो. गाडी दुसऱ्या कचेरीच्या हद्दींतील असेल, तर तेथील ना-हरकत पत्रासाठीं २८ क्रमांकाचा नमुना आणि मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतात. जुन्नर व आंबेगांव हे तालुके पिंपरी-चिंचवडच्या कचेरीखालीं येतात. शाळेच्या बसला राज्याचे २०११ सालचे निराळे नियम आहेत. आणि परवान्यावांचून वाटेंतले उतारू भाडें घेऊन बसविणें हा गुन्हाच आहे, मग हेतु कितीहि परोपकाराचा असो.

आतां गाडीच्या पोटाखालीं जाऊं. साध्या बसमध्यें यंत्राचा जोर एका लांब दांड्यानें मागील आंसास पोंचतो. चार चाकी जोराच्या गाडींत गिअरपेटीच्या मागें आणखी एक पेटी असते. तींतून एक दांडा मागें जातो, दुसरा पुढें. चालकाच्या हाताशीं त्यासाठीं एक जादा दांडी असते. ती ओढली कीं पुढचीं चाकेंहि ओढूं लागतात, आणि आणखी एका खांचेंत घातली कीं सर्व चाकें अतिशय संथ पण विलक्षण ताकदीनें फिरतात. चिखलांतला किंवा सुट्या दगडांचा चढ अशा वेळीं गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानें चढते, आणि तसेंच चढणें योग्य असतें.

या सोयीची एक अट आहे. वळण घेतांना पुढचीं चाकें मागच्या चाकांपेक्षां मोठ्या वर्तुळांत फिरतात, म्हणजे त्यांना अधिक अंतर तोडावें लागतें. पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांस जखडलेले असतांना हें अंतर कोठें तरी भरून निघालें पाहिजे. चिखलांत चाक थोडें घसरतें आणि तें भरून निघतें. डांबरावर चाक घसरत नाहीं. मग दांड्यांना आणि दंतचक्रांना पीळ बसूं लागतो, सुकाणूं जड होतें, आणि शेवटीं कांहीं तरी तुटतें. म्हणूनच चारहि टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावे लागतात. लहानमोठे टायर म्हणजे सरळ रस्त्यावरहि न संपणारें वळण. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. रंगानें काळाभोर दिसणारा टायर दहा वर्षांचा म्हातारा असल्याचें त्यावरून उघडें पडतें.

शहरांत आयुष्य काढलेल्या अशा गाडीची जादा दांडी पुष्कळदां वर्षानुवर्षें कोणीं हलविलेलीच नसते. म्हणून सौदा ठरण्यापूर्वीं गाडी मातीच्या मैदानावर नेऊन ती दांडी घालून पाहावी, सुकाणूं पुरें वळवून संथ फेरा घ्यावा आणि पुढच्या चाकांकडे कान द्यावा. टक्‌-टक्‌ असा आवाज आला तर सांधे झिजले आहेत. मग दांडी काढावी; ती झटापट न करतां सुटली पाहिजे. कमानीचे पाटे तडकलेले नाहींत ना, ते जेथें सांगाड्यास टांगलेले असतात तेथें नवी वेल्डिंग तर नाहीं ना, हें विजेरी घेऊन पाहावें. ताजा काळा रंग नेमका तेवढ्याच जागीं असेल, तर विक्रेत्यास त्याचें कारण अवश्य विचारावें. समुद्रकांठीं राहिलेल्या गाडीचा गंज पत्र्याच्या आंतून खातो. हातोडीनें हलकेंच ठोकल्यास भरीव लोखंड खणखणतें, पोकळ झालेलें बद्द वाजतें. यंत्राविषयीं धूर पुरेसें बोलतो: निळा धूर तेल जळत असल्याचें, काळा इंधन नीट न जळल्याचें, आणि यंत्र तापल्यावरहि न थांबणारा पांढरा धूर पाणी आंत शिरत असल्याचें सांगतो. हें सारें पाहतांना अनुभवी मिस्त्री बरोबर असावा. त्याची दिवसाची मजुरी वांचविण्यांत शहाणपण नाहीं.

खरी परीक्षा पुढें, घरच्या वाटेवर होते. समजा, गाडी कल्याणला घेतली आणि ती आंबेगांव तालुक्यांतील आहुप्याला न्यावयाची आहे. नकाशावर हें अंतर अगदीं थोडें दिसतें, कारण मुरबाडच्या मैदानांतून आहुप्याचा कडा समोरच उभा असतो. माणसें पायवाटेनें चढून जातातहि. उत्तरेस नाणेघाटांतून तर सातवाहनांच्या काळापासून व्यापारी बैलांचे तांडे जात. वरचा तो दगडी रांजण जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता असें लोक सांगतात. परंतु ह्या वाटा पावलासाठीं आणि खुरासाठीं घडविलेल्या आहेत. चाकास माळशेज घाटाचा वळसाच घ्यावा लागतो.

निघण्याचा काळ मृगाच्या बराच आधींचा असावा. पाऊस लागल्यावर माळशेजांत धुकें आणि दरडी यांचें राज्य असतें; शिवाय एखादा दोष निघाला तर दुरुस्तीस कोरडे दिवस हातीं हवेत. टोकावडें सोडण्यापूर्वीं पहिला मुक्काम करून चारहि चाकांच्या मध्यावर जपून हात लावावा. सर्व सारखीं कोमट असलीं तर ठीक. एकच चाक चटका देऊं लागलें, तर तेथें ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग आवळलें आहे. घाटांत दर कांहीं वळणांनीं उष्णतेच्या कांट्याकडे नजर टाकावी. कांटा चढूं लागल्यास रुंद जागा पाहून थांबावें, आणि यंत्र निवेपर्यंत रेडिएटरच्या झांकणास हात लावूं नये. घाईंत झांकण उघडणारे भाजतात, आणि तापलेल्या यंत्रांत थंड पाणी ओतणारे यंत्र तडकवितात.

माथ्यावर आल्यावर पिंपळगांव जोगें धरणाचें पाणी दिसूं लागतें. पुढें बनकर फाट्यावरून गणेश खिंडीच्या वाटेनें जुन्नरकडे वळावें. खिंडीचा उतार लहान, परंतु ब्रेकची पारख करावयास सोयीचा. ज्या गिअरांत चढ चढला असता त्याच गिअरांत उतार उतरावा. यंत्रच गाडीस आवरतें. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर जळका वास येतो, आणि त्यानंतर ब्रेक दाबूनहि गाडी थांबेनाशी होते. जुन्नरला दिवस मावळण्यापूर्वीं पोंचावें व रात्र तेथेंच काढावी. या भागांतील उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे. त्यांच्यासाठीं माणिकडोहला निवारा केंद्रच आहे. आड रस्त्यावर, अंधारांत, स्टेपनी बदलण्यासाठीं वांकून बसणें तेथें बरें नव्हे.

दुसऱ्या दिवशीं घोडेगांववरून डिंभ्यास यावें. येथील घोड नदीवरील जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव आहे. याच तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापड वाहणाऱ्या मोटारलॉरीपुढें आडवा झाला आणि तिच्या चाकाखालीं मरण पावला. जुनें आंबेगांव याच पाण्याखालीं गेलें आहे. तालुक्यास नांव त्याचें, कचेरी घोडेगांवला.

डिंभ्याच्या पुढें डांबर अरुंद होतें, आणि जेथें तें संपेल तेथें जादा दांडीचें काम सुरू होतें. बसची पेटी उंच असल्यामुळें आडव्या उतारावरून तिरकी नेऊं नये. सरळ चढावी, सरळ उतरावी. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल, तर प्रथम माणसानें काठी टेंकीत चालून पाहावें. वाहतें पाणी गुडघ्यास लागलें तर बस थांबवावी, मग गांव हांकेच्या अंतरावर का असेना. उथळ पाण्यांतहि गाडी संथ गिअरांत, मधें गिअर न बदलतां न्यावी, आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच दाबून ते सुकवावेत. भीमाशंकरचें रान १९८५ पासून अभयारण्य आहे. तेथें चारहि चाकें फिरतात म्हणून रस्ता सोडून रानांत शिरण्याची मुभा कोणासहि नाहीं.

गांवांत पोंचल्यावर गाडी सपाट जागीं उभी करावी, आणि रात्रीं तिच्या पोटाखालीं यंत्रापासून मागील आंसापर्यंत जुनीं वर्तमानपत्रें पसरून ठेवावीं. सकाळीं त्यांवरचे डाग पाहावे. पुढचा काळा डाग यंत्राच्या तेलाचा, मधला दाट व उग्र वासाचा गिअरपेटीचा. चाकाच्या आंतल्या बाजूस पातळ ओल दिसली, तर ती ब्रेकच्या तेलाची असते. तशी ती दिसली तर मुलांना गाडींत बसवूं नये, आणि मिस्त्रीला घोडेगांवहून त्याच दिवशीं बोलवावें.