किती पावसाळे टिकेल?

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील गाळ्यांमध्ये भंगारातले प्लॅस्टिक निवडून, धुऊन, दळून आणि वितळवून त्याचा पुन्हा दाणा केला जातो. या साखळीत खरा जाणकार यंत्रावर नसून निवडीला बसलेला असतो. उन्हापावसात वर्षे काढलेल्या खुर्चीच्या पाठीवर नख ओढले की पांढरी भुकटी निघते आणि माल मेलेला आहे हे कळायला त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

ही भुकटी म्हणजे हवामानाने केलेल्या झिजेची पहिली खूण होय. सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांना हवेतील ऑक्सिजन चिकटतो, आखूड झालेले तुकडे अधिक दाटीने रचले जाऊन पृष्ठभाग आकसतो व त्यावर बारीक भेगा पडतात, आणि स्वस्ताईसाठी मिसळलेली खडूची पूड उघडी पडते. पुनर्वापराचा माल ही झीज पोटात घेऊनच दुसऱ्या जन्माला येतो.

अशा दाण्यात टायरचा चुरा आणि वनस्पतींचे तंतू मिसळून फळ्या, कुंड्या, कुंपणाचे खांब करता येतात, आणि कच्च्या मालाची ददात या जिल्ह्यात नाही: वसईच्या वाड्यांत घड उतरवल्यावर तोडून टाकलेली केळीची खोडे आहेत, नारळाचा काथ्या आहे, वाडा तालुक्यातल्या भाताचा तूस आहे. मिश्रण करताना तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तंतू करपतात आणि रबराच्या गंधकी दर्पात जळक्या तुसाचा वास मिसळतो. ज्या मालाला हा वास येतो त्याचे आयुष्य उन्हात ठेवण्यापूर्वीच घटलेले असते.

टायरच्या चुऱ्यात मुळातच भरपूर काजळी असते आणि काजळी अतिनील किरण शोषून घेते, म्हणून रबर मिसळलेला माल उन्हाला दाद देत नाही, असे सांगितले जाते. पाण्याच्या काळ्या एचडीपीई नळांसाठी भारतीय मानकाने ठरवलेला अडीच टक्के काजळीचा आकडा त्यासाठी हमखास पुढे केला जातो. हा अडीच टक्क्यांचा दाखला अर्धाच खरा आहे. नळातील काजळी अतिसूक्ष्म कणांनी सर्वत्र पसरलेली असते, टायरमधली मात्र रबराच्या कणांतच कोंडलेली राहते, आणि मधल्या उघड्या प्लॅस्टिकला तिचा आडोसा फारसा मिळत नाही. शिवाय गंधकाने जोडलेले रबर पुन्हा वितळत नसल्यामुळे कण आणि प्लॅस्टिक यांच्यामधला सांधा कच्चाच राहतो.

तंतूंचे दुखणे निराळे आहे. त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन, जे काथ्यात ४० टक्क्यांच्या आसपास असते, उन्हाने विघटित होऊन पाण्यात विरघळण्याजोगे होते. पाऊस ते धुऊन नेतो आणि मूळचा तपकिरी पृष्ठभाग राखाडी पडतो. उघडे पडलेले तंतू पावसाळ्यात फुगतात, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतात, आणि प्रत्येक फेऱ्यात भोवतालच्या प्लॅस्टिकशी त्यांची पकड सैल होऊन पाण्याला आत जायला वाट मिळते. अडीच टक्के काजळी ऊन अडवील, पाणी अडवणार नाही.

बाह्य चाचणीत नमुने दक्षिणेकडे तोंड करून, बहुधा ४५ अंशांच्या कलत्या चौकटीवर लावतात, ठरावीक काळाने उतरवतात आणि ओढून तोडून किती बळ उरले ते मोजतात. त्यासाठी जगभर मान्यता पावलेली ठिकाणे म्हणजे दमट फ्लोरिडा आणि कोरडे ॲरिझोना. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, उरलेले आठ महिने जवळपास कोरडे आणि वर खाडीची खारी हवा, हा वसईचा क्रम त्या दोन्हींत नाही. बंद पेटीत झेनॉन दिव्याखाली काढलेल्या तासांवरून इथली वर्षे मोजणे त्याहून धाडसाचे.

पृष्ठभागावरून सुटणारी भुकटी पावसाबरोबर गटारातून खाडीत जाते, आणि तीन घटक एकजीव केलेला हा माल निवडीच्या ढिगात परत आला तर त्याचे पुन्हा वेगळे काही करता येत नाही. म्हणून नगरपालिका असो वा गृहनिर्माण संस्था, बागेतला बाक किंवा कुंपण घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे अडीच टक्क्यांचे प्रमाणपत्र मागू नये; कोकणपट्टीत किमान एक पूर्ण पावसाळा उघड्यावर काढलेल्या नमुन्याचे चाचणीआधीचे आणि नंतरचे बळ लेखी मागावे.